परसदारचा दिवा

फार फार वर्षांपूर्वी, कुठल्याशा राजाच्या मुलखात, एका डोंगरावर मोठं तळं होतं. तळ्याचं पाणी मातीच्या नळांतून खालच्या गावात जाई. नळाचं तोंड कधी उघडायचं, कधी मिटायचं हे बघायला वर एकटा बहिरू राहत असे.

त्याची बायको कधीच गेली होती. लेक गोजरा खालच्याच गावात दिलेली. सासरी जाताना ती म्हणाली, "आबा, दिवेलागणीला मी परसदारच्या कोनाड्यात दिवा ठेवीन. तो दिसला की समजा, मी तुम्हाला जेवायला हाक मारतेय." तेव्हापासून दिवा दिसल्याशिवाय बहिरू भाकरी मोडत नसे. आता एकट्या जिवापुरतं कालवण कोण रांधणार? लोणचं, खारवलेल्या मिरच्या, वर मिठाची चिमूट. झालं जेवण.

त्या गावाची एक रीत होती. बाजाराच्या दिवशी वैद्यबुवा चिंचेखाली बसत. पिकल्या केसांच्या प्रत्येकाने, काही होत असो वा नसो, त्यांना हात दाखवायचा आणि मगच बाजारात शिरायचं. बहिरू तेवढा बगल देऊन जाई. एकदा वैद्यबुवांनी त्याला गाठलंच. नाडीवर बोटं ठेवून त्यांनी ठोके मोजले.

"बहिरूतात्या, रक्ताचा जोर फार वाढलाय. मीठ तोडा. हा काढा रोज घ्या, चुकवू नका."

"पण माझं काहीच दुखत नाही, वैद्यबुवा."

"तळं तुडुंब भरलं की तुम्ही नळाचं तोंड मिटून घेता. का? नळ दुखतंय म्हणून ओरडतो?"

"छे. पाण्याचा जोर वाढला की सांधे निखळतात. आधी टोकाचे, बारीक नळ जातात."

"मग मी तरी दुसरं काय सांगतोय?"

बहिरू हसला. काही दिवस काढा घेतलाही. घेऊन काही वेगळं वाटेना, न घेऊनही वाटेना. मग काढ्याचं मडकं चुलीमागे कोरडं पडलं. काय म्हणावं या माणसाला! गावाचे नळ जिवापाड जपणारा हा शहाणा, स्वतःच्या अंगातले विसरला.

पुढे पुढे दिवा मंद दिसू लागला. सासू तेलाला हात आखडत असेल, असं त्याला वाटलं. मग एका संध्याकाळी दिवा दिसलाच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बहिरू वाट बघून उपाशीच निजला. पोटची पोरही विसरली, या विचाराने तो आतून तुटला. त्याने बाजाराला उतरणं सोडलं. पायांवर सूज आली, ती त्याने बसून राहण्याच्या माथी मारली. बोलायला कोणी नव्हतंच, आता वाट बघायलाही कोणी उरलं नाही.

शेवटी गोजराच डोंगर चढून आली.

"आबा, बाजाराला का येत नाही?"

"तुझ्या घरात दिव्याला तेल उरलं नाही का?"

"असं काय बोलता? मी रोज लावते. आज लावायला जाऊबाईंना सांगून आलेय."

दोघं कातळावर शेजारी बसली. दिवस मावळला.

"तो बघा, लागला."

"कुठे?"

"समोर, आबा. चिंचेच्या डाव्या अंगाला."

बहिरूने डोळे ताणताणून पाहिलं. समोर नुसता काळोख होता. त्याने मान वळवली, तर हाताच्या अंतरावरचा लेकीचा चेहराही धुरात बुडाल्यासारखा. ओळखीच्या वाटेवर, सवयीच्या कामात नजर कधी विझत गेली ते त्याला कळलंच नव्हतं. इतके दिवस तो तिच्याच नावाने बोटं मोडत होता.

"म्हणजे तू रोज..." तो लहान पोरासारखा रडला.

वैद्यबुवांनी तपासलं. "रक्ताच्या जोराने डोळ्यांतले बारीक नळ गेले. गेलेली नजर मला आणता येणार नाही, तात्या. मूत्रपिंडंही थकलीत. काळीज शाबूत आहे. उरलंय तेवढं सांभाळू." या वेळी बहिरूने काढा एकदाही चुकवला नाही, पण नजर परतली नाही. डोंगरावर दुसरा राखणदार आला आणि बहिरू लेकीच्या परसदारी बसू लागला.

दिवेलागणीला गोजरा त्याचा हात धरून ज्योतीजवळ नेई. बोटांना ऊब लागली की तो विचारी, "लागला का गं?"

"लागला, आबा."

मग तो अळणी भाकरी मोडी.

म्हणून सांगतो, लहानथोरांनो, दुखेपर्यंत थांबू नका. काही रोग हूं की चूं न करता आपलं सगळ्यांत लाडकं घेऊन जातात.