कोणत्या कोपऱ्यात कोणते झाड

एकदा एक वाळलेले गुलाबाचे रोप घेऊन शर्वाणी आपल्या संस्कृतच्या गुरुजींच्या दारात उभी राहिली. शाळा सुटून कैक वर्षे झाली होती. आता ती बँकेत नोकरीला होती, नवा फ्लॅट घेतला होता. पण मन अडले की पाय अजून गुरुजींकडेच वळत.

“गुरुजी, माझ्या हाताला यशच नाही. आणलेलं प्रत्येक झाड मरतं,” ती रडवेली होऊन म्हणाली. “आणि आता आमचे अण्णा येताहेत राहायला, कायमचे. सारा जन्म कोकणातल्या आगरात गेलेला माणूस. आई गेल्यावर मीच हट्ट धरला. दारात पाऊल टाकल्यावर त्यांना चार हिरवी पानं तरी दिसायला नकोत का?”

गुरुजी व्याख्यानांसाठी आठ-आठ दिवस बाहेरगावी असत, तरी त्यांच्या ओटीवरच्या कुंड्या सदा टवटवीत. त्यांनी कुंडीतली माती चिमटीत घेतली. ती चिखलासारखी ओली होती.

“रविवारी घरी येतो,” एवढेच ते म्हणाले.

रविवारी ते आले ते काखेत वर्तमानपत्र घेऊन. स्टूल मागून घेतले आणि दिवाणखान्यात टीव्हीशेजारच्या कोपऱ्यात वाचत बसले. थोड्या वेळाने उठून स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी बसले. मग गॅलरीत. तिथून मात्र घाम पुसत लगेच आत आले. शर्वाणीने आणलेला चहा निवून गेला.

“घरी यांना कुणी पेपर वाचू देत नाही का?” तिचा नवरा मकरंद कानाशी कुजबुजला. तिने डोळे वटारले. पण कोडे तिलाही उलगडले नव्हते.

वाचन संपवून गुरुजी म्हणाले, “चला, रोपवाटिकेत.”

तिथे शर्वाणी थेट गुलाबांकडे गेली. गुरुजींनी तिला हळूच दुसऱ्या बाजूला नेले. उंच, पट्टेदार पानांचा स्नेक प्लांट टीव्हीच्या कोपऱ्यासाठी. मनी प्लांटचा वेल स्वयंपाकघराच्या खिडकीसाठी. गॅलरीसाठी कोरफड आणि गोल, जाड पानांचे जेड. सगळी देखणी, आणि एकही नाजूक नाही.

“अगं, तुझ्या हातात दोष नाही,” गुरुजी म्हणाले. “तू डोळ्यांना आवडलं ते आणलंस आणि हवं तिथे ठेवलंस. गुलाबाला ऊन हवं होतं. तू त्याला अंधारात बसवलंस आणि उन्हाची उणीव पाण्यानं भरून काढू पाहिलीस. माया होतीच; पण त्याला न मानवणारी. म्हणून आज मी झाडाच्या जागी बसून पाहिलं. टीव्हीपाशी मला फक्त मथळे वाचता आले. तिथे कमी उजेडात तगणारंच झाड हवं. गॅलरीत मला बसवेना, तिथे ऊन सोसणारं. तुझ्या घरात जे आहे त्यातच ज्याचं भागतं, त्याची फार निगा ठेवावी लागत नाही. माती सुकली की पाणी. एरवी त्याला त्याचं जगू दे.”

घरी येऊन शर्वाणीने झाडे लावली. घर खरोखर हसू लागले. मग ती अण्णांसाठी सजवलेल्या खोलीत गेली. नवा पलंग, भारी पडदे, एसी. खिडकी मात्र एकच, तीही इमारतीच्या मधल्या अंधाऱ्या डक्टकडे उघडणारी. ती पलंगाच्या कडेवर बसली. भर दुपारी तिला दिवा लावावासा वाटला.

ती बाहेर आली आणि मकरंदला म्हणाली, “अण्णांचा पलंग आपल्या खोलीत लावू या, आपण या खोलीत येऊ. आपण दिवसभर बाहेरच असतो.”

“म्हणजे आपली सकाळची उन्हं गेली!” तो म्हणाला; आणि हसत पलंगाचे दुसरे टोक धरायला उठला.

अण्णा आले. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्नेक प्लांटच्या मातीत बोट खुपसले आणि म्हणाले, “याला इतक्यात पाणी नको हां. हा आपला निवांत गडी आहे.” सकाळी ते खिडकीतल्या उन्हात पाय पसरून बसू लागले. मग मनी प्लांटची फांदी मागायला शेजारीण आली, तिच्यामागून खालच्या मजल्यावरचे काका.

महिन्याभराने एका संध्याकाळी शर्वाणी बँकेतून परतली, तेव्हा घराला कुलूप होते. वरच्या जिन्यातून अण्णांचा आवाज आला, “अहो, पेऱ्याच्या खाली कापा, पेऱ्याच्या खाली! तिथूनच मुळं फुटतात.” पाठोपाठ चार-पाच माणसांचे हसणे. तिने हाक मारली नाही. पर्स मांडीवर घेऊन ती पायरीवर बसली आणि ऐकत राहिली.

घरात कुणालाही आणण्याआधी, मग ते झाड असो वा माणूस, त्याच्या जागी घटकाभर आपण बसून पाहावे.