पळी कुणाच्या हातात

शेवट आधीच ओळखलात तर मी मिशी उतरवीन.

एका राज्यात जमिनीतून गॅस निघायचा. ढेरपोट्या प्रधानानं दवंडी पिटवली, "बाजार खुला केलाय, कुणीबी गॅस विका." पण शहरात जाणारा पाइप एकच, आन् तो प्रधानाच्या मेव्हण्याचा. तान्हूबाईच्या शेतात गॅस लागला, तर मेव्हणा तो पाइपात घेईना. म्हणाला, "शेतच मला देऊन टाक."

तान्हूबाईनं राजाला नि प्रधानाला जेवायला बोलावलं. राजाचं पान भरलं, प्रधानाचं कोरडंच.

"बाई, मलाबी वाढा की."

"जेवण खुलं हाय प्रधानजी, पाहिजे तेवढं खावा. पण पळी माझ्या भावाच्या हातात, आन् तो तुम्हाला वाढत न्हाई."

राजानं प्रधानाकडं बघितलं आन् तिथंच पाइप सगळ्यांना मोकळा केला.

प्रधान उपाशी उठला. आता सासुरवाडीतबी त्याला कुणी पाणी विचारत न्हाई.