लाकडी घोड्याचं माप

फार फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा खेचरं बोलत असत आणि माणसं त्यांचं ऐकूनही घेत असत.

एका राज्यात, घाटाच्या पायथ्याशी, खोगीर शिवणाऱ्यांची एक आळी होती. त्या आळीतली हौसा नावाची सून एका सकाळी विहिरीवर पाणी शेंदत होती. हात रहाटावर आणि कान पलीकडे, ही तिची नेहमीचीच रीत. पलीकडे दोघी जणी कुजबुजत होत्या.

“ऐकलंस का? यंदा घाटवाले आपल्या आळीचं एकसुद्धा खोगीर घेणार नाहीत म्हणे! कारण काय, तर त्यांच्या—”

तेवढ्यात एकीचं पोर घसरून पडलं, त्यानं भोकाड पसरलं, आणि दोघी तिकडं धावल्या. बातमी राहिली तिथंच, अर्धी.

अर्धी बातमी फार वाईट, बरं का. पुरी बातमी, कडू का असेना, माणूस गिळून टाकतो. अर्धी मात्र दातात अडकलेल्या सुपारीसारखी. जीभ पुन्हा पुन्हा तिथंच जाते.

आणि ही बातमी साधी नव्हती. घाटवाले म्हणजे जनावरांच्या पाठीवर माल लादून घाट ओलांडणारे व्यापारी. सुगी संपली की जनावरं ओढ्यावर ठेवून ते आळीत यायचे, खोगिरं घ्यायचे, आणि त्यावर आळीच्या चुली वर्षभर पेटायच्या. गेल्या खेपेला त्यांनी निम्मीच घेतली होती. तेव्हाच हौसाच्या सासऱ्यांनी सांगून टाकलं होतं, “पुढल्या वर्षीही ढीग असाच पडून राहिला, तर दाभण खाली ठेवायचं आणि दोघा पोरांनी राजाच्या दगडखाणीवर जायचं.” हौसाच्या नवऱ्याचे हात सुईदोऱ्याचे. त्या हातांत एकदा घण आला, की पुन्हा बारीक टाका पडायचा नाही, हे ती जाणून होती.

घागर तशीच ओट्यावर ठेवून तिनं घरात सगळं सांगितलं.

“त्यांच्या काय?” सासऱ्यांनी विचारलं.

“तिथंच तर तुटलं ना, मामंजी!”

मग काय, जो तो आपल्या मनानं ती बातमी पुरी करू लागला.

दीर म्हणाला, “त्यांच्या डोळ्यांत भरत नसणार. वहिनी, लाल गोंडे लावू. आरसे लावू. लांबून झगमगलं पाहिजे!”

नवरा म्हणाला, “त्यांच्या खिशाला परवडत नसणार. गादीत लोकर थोडी कमी भरू, स्वस्तात देऊ.”

सासरे म्हणाले, “त्यांच्या अंगात मस्ती आलीय, दुसरं काय! अरे, या खोगिरात खोट काढून दाखवा म्हणावं!” असं म्हणून त्यांनी पडवीतल्या लाकडी घोड्यावर थाप मारली.

हा घोडा त्यांच्या आज्यानं शिसवीच्या लाकडाचा केला होता. आळीतलं प्रत्येक खोगीर आधी या घोड्यावर चढायचं. त्याच्या पाठीवर घट्ट बसलं की माल उत्तम, नाहीतर उसवून पुन्हा. कित्येक पिढ्या हाच न्याय.

“गोंडे लावायचे ते लावा,” हौसा म्हणाली, “पण मी आधी बातमीचा उरलेला तुकडा घेऊन येते.” आणि फडक्यात भाकरी बांधून ती घाटाखालच्या ओढ्याकडं निघाली. घाटवाल्यांचा तळ तिथं पडलेला होता.

ओढ्याकाठी जनावरं मोकळी चरत होती. हौसा बघतच राहिली. लग्न होऊन आली तेव्हा वाटेत पाहिलेले ते उंच, रुंद पाठीचे घोडे कुठंच नव्हते. होती ती बुटकी तट्टं आणि चिंचोळ्या पाठीची खेचरं.

झालं होतं असं, की दोन वर्षांमागं राजानं मैदानात तलाव बांधला, जुना सपाट रस्ता पाण्याखाली गेला, आणि वाहतूक अरुंद खिंडीतून सुरू झाली. तिथं उंच घोड्याचे पाय ठरत नाहीत. आळीला तलाव ठाऊक होता. त्यातले मासेही आळीनं आवडीनं खाल्ले होते. पण त्याच तलावाचं पाणी आपल्या सुईपर्यंत येऊन पोचलंय, हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

“काय टकमका बघतेस, बाई?” एक म्हातारं खेचर तोंडातलं गवत न टाकताच म्हणालं. “पाठ बघायचीय? घे, बघ.”

पाठीवर तळव्याएवढी जखम होती. वर हळद लावलेली.

“अगं बाई! हे कशानं?”

“तुमच्याच आळीच्या मालानं. तुमचं खोगीर माझ्या अंगावर म्हणजे मांजराच्या पाठीवर नगारा! चढणीला शेपटीकडं जातं, उताराला मानेवर येतं. शिवता तरी कुणाच्या मापानं?”

“आमच्या घोड्याच्या.”

“बोलाव त्याला. त्याची पाठ बघू.”

हौसा जरा अडखळली. “तो... लाकडाचा आहे.”

खेचर असं काही खिंकाळलं, की शेजारची तट्टं चरायची थांबली. “मग बरोबरच! त्याला ना चढण, ना उतार, ना घाम. तो कशाला तक्रार करील?”

हौसाला लागलं. पण ती उठून गेली नाही. तिनं खेचराच्या पाठीवरून हळूच हात फिरवला. खांद्याजवळ, मग कण्याच्या दोन्ही बाजूंनी. हाताला जे कळलं, ते पडवीत बसून कधीच कळलं नसतं.

एवढ्यात घाटवाल्यांचा म्होरक्या आला. “हौसाबाई, तुमच्यासारखा टाका कुणाचा नाही. पण जनावर जायबंदी झालं तर खिंडीत मला कोण वाचवणार? यंदा नुसती पोती दुमडून बांधणार आहे.”

“पुढच्या सुगीलाही हीच जनावरं असतील का, दादा?”

“आता हे कसं सांगू? दरड पडली की वाट बदलते. वाट बदलली की जनावर बदलतं.”

हौसा घरी आली आणि बातमी पुरी केली. नवऱ्यानं मांडीवर थाप मारली. “एवढंच ना? बाभळीचा ओंडका आणतो. लाकडी खेचर करू!”

“आणि पुढच्या वर्षी रेडे आले तर?”

“लाकडी रेडा करू.”

“त्याच्या पुढच्या वर्षी गाढवं? अहो, मग आपण राहायचं कुठं? घरभर नुसती लाकडी जनावरं!”

सासऱ्यांनासुद्धा हसू आलं. ते ओसरायच्या आत हौसानं मनातलं सांगून टाकलं. खोगीर घरी पुरं करायचंच नाही. लहानमोठ्या गाद्या, पट्टे, बांधायच्या चामडी वाद्या वेगवेगळ्या तयार ठेवायच्या. सगळं ओढ्यावर न्यायचं आणि जिवंत पाठीवर ठेवून तिथंच जोडायचं.

सासऱ्यांचं हसू मावळलं. “अर्धवट माल घेऊन गिऱ्हाइकापुढं जायचं? सूनबाई, आळीचं नाक कापलं जाईल.”

“मामंजी, आपलं नाक जपताना त्यांच्या जनावरांच्या पाठी सोलल्या जातायत.”

  म्हातारा उठला, तयार खोगिरांच्या ढिगातलं सगळ्यांत वरचं खोगीर मांडीवर घेतलं आणि सुरी मागितली.

“मीच उसवतो,” तो म्हणाला. “शिवलंयही मीच.”

दुसऱ्या दिवशी सगळी आळी गाठोडी घेऊन ओढ्यावर हजर. पहिला मान त्या म्हाताऱ्या खेचराचा. सासऱ्यांनी जखम सोडून दोन्ही अंगांना गाद्या ठेवल्या, वाद्या ओढल्या, वर ओझं लादलं.

“डावीकडं टोचतंय,” खेचर म्हणालं.

त्यांनी मूठभर लोकर काढली. “आता?”

“थोडं पुढं.”

“आता?”

 कुणी हाकलायच्या आत खेचर आपलं आपण चढणीला लागलं, वर टेकाडावर गेलं आणि तसंच खाली आलं. खोगीर जागचं हललं नव्हतं.

म्होरक्यानं ते पाहिलं. “सगळ्या जनावरांना असंच करा,” तो म्हणाला, आणि स्वतःच एकेक तट्टू पुढं आणू लागला.

त्या वर्षी दगडखाणीवर कुणी गेलं नाही. पुढं खरंच दरड पडली, वाट बदलली, रेडे आले. पण आळीचं कुणी ना कुणी सुगीआधीच ओढ्यावर जाऊन पाठींवरून हात फिरवून यायचं. त्यामुळं रेडे आले म्हणून कुणाच्या तोंडचं पाणी पळालं नाही. गाद्या तेवढ्या रुंद झाल्या.

विहिरीवरच्या त्या दोघींनी मात्र हौसाला गाठलंच. “म्हणजे आम्ही ऐकलं ते खोटं होतं म्हणायचं!”

“खोटं कसं?” हौसा रहाट ओढत म्हणाली. “घाटवाल्यांनी आळीतलं तयार खोगीर एकसुद्धा घेतलं नाही, हे अगदी खरं. फक्त रिकाम्या पाठीनं परत गेले नाहीत, एवढंच तुमच्या बातमीत नव्हतं.”

बाळगोपाळांनो, आणि त्यांच्या आजोबांनो, एवढंच गाठीला बांधा: जो कारागीर गिऱ्हाइकापाशी जाऊन दर वेळी नवं माप घेतो, त्याला बदलत्या काळाची भीती नसते.