विरजणाची वाटी

फार फार पूर्वी माणसाला दूध काढता येत होतं, पण दही लावता येत नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. सकाळचं दूध सकाळी प्यायचं, संध्याकाळचं संध्याकाळी. उरलं की नासायचं, आणि नासलं की उकिरड्यावर. आज आपण भातावर दही वाढून घेतो आणि जरा आंबट लागलं की नाक मुरडतो. त्या बिचाऱ्यांच्या नशिबी आंबटसुद्धा नव्हतं.

अशा काळात एका नदीकाठच्या गावात एक गवळण राहायची. तिचं नाव कुणाच्या लक्षात राहिलं नाही. तिच्या म्हशीचं राहिलं, चांदी. जगाची रीतच आहे ही! तर ही गवळण कामाला वाघीण, पण एका संध्याकाळी इतकी दमली की मडकं न घासताच त्यात चांदीचं कोमट दूध ओतून झोपून गेली. सकाळी बघते तर काय, दूध थिजलेलं.

"टाक ते, मरशील!" घरचे ओरडले.

तिनं बोट बुडवून चाटलं. मग दुसरं बोट. मग वाडगाभर खाल्लं आणि तळाशी उरलेल्या पळीभरावर पुन्हा दूध ओतलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच पांढरंशुभ्र, थंडगार. आठवड्याभरात सगळं गाव वाट्या घेऊन तिच्या दारात उभं. तिनं प्रत्येकीला पळीभर दिलं आणि दोन गोष्टी बजावल्या. "खाण्याआधी उद्याचं बाजूला काढा. आणि विरजण मागायला आलेल्या बाईला रिकाम्या वाटीनं परत धाडू नका."

"का गं?" एकीनं विचारलं.

"मी सांगते म्हणून," गवळण म्हणाली. बायका हसल्या, पण रीत पाळू लागल्या.

वर्षं गेली. गवळण म्हातारी झाली. डोळे गेले, गुडघे गेले, आणि दह्याचं मडकं सुनेच्या हातात आलं.

सून वाईट नव्हती हो. तुम्ही लगेच तिला नावं ठेवाल, म्हणून आधीच सांगते. सासूला न्हाऊ घालायची, वेणी घालायची, पहिला घास तिच्या तोंडात घातल्याशिवाय स्वतः जेवायची नाही. माहेरी तिचं कुणी उरलं नव्हतं. आई म्हणून जी काही होती ती ही म्हातारीच. पण मनात एक सल होता. सगळं गाव तिला 'म्हातारीची सून' म्हणायचं. चांगलं केलं तर म्हातारीचं वळण, आणि बिघडलं तर सुनेचा हात! कुठल्या सुनेला हे गोड लागेल?

मग एक उन्हाळा असा आला की काही विचारू नका. नदीत वाळू आणि आभाळात आग. घराघरातलं दही आंबून फसफसलं, त्यात अळ्या पडल्या, वास सुटला. महिन्याभरात गावातलं सगळं विरजण मेलं. म्हातारीचं घर उंबराच्या दाट सावलीत होतं आणि मडकं ओल्या वाळूत पुरलेलं असायचं, म्हणून तेवढं वाचलं.

शेजारीण वाटी घेऊन आली. "वैनी, पळीभर विरजण दे गं. आमचं गेलं."

सुनेनं मडक्यात बघितलं. गावात एकच मडकं, आणि ते तिच्या हातात! आज हिला दिलं की उद्या सगळ्यांकडे दही होणार, आणि परवा पुन्हा ती म्हातारीची सून. तिच्या तोंडून निघून गेलं, "खायचं तर अंगणात बसून खा. पोटभर वाढते. वाटी नेता येणार नाही."

"अगं, पण रीत..."

"रीत नंतर. आधी मडकं जगू दे."

शेजारीण ओंजळीत दही घेऊन खाऊन गेली. मग दुसरी आली, तिसरी आली. पलीकडच्या तीन गावांतल्या बायका उन्हातान्हात चालत आल्या. सगळ्यांना तेच उत्तर. आता अंगणात रोज पंगत बसू लागली. बोटाला लागलेलं विरजणसुद्धा कुणाच्या घरी जाऊ नये म्हणून खाणाऱ्यांचे हात तिथंच धुतले जातात ना, यावर सुनेचं बारीक लक्ष. लोक म्हणू लागले, "दहीवाल्या वैनींकडे जाऊ या." ते ऐकून तिला मूठभर मांस चढलं.

आतून म्हातारी विचारायची, "बाहेर कोण आलंय? वाटी दिलीस ना भरून?"

"दिली, आत्याबाई."

रोज हेच. आंधळ्या माणसाशी खोटं बोलणं किती सोपं असतं बघा!

पावसाळा आला, गेला. पिकं हाताशी आली आणि गावाचा सण ठरला. सून म्हणाली, "या वर्षी सगळ्या गावाला दही माझ्याकडून." गावभरचं दूध गोळा झालं. मोठमोठे तीन रांजण तिनं तापवलेल्या दुधानं भरले. लोक कौतुकानं बघत होते. कुणी म्हणालं, "म्हातारीनंसुद्धा एवढं कधी लावलं नव्हतं." झालं! सुनेच्या अंगात वारं भरलं. करंगळी बुडवून सोसवतं का बघायचं, एवढं सासूनं शंभरदा शिकवलेलं. पण दूध निवेपर्यंत थांबायला तिला धीर नव्हता. आणि उद्याचं पळीभर बाजूला काढायचं? तीन रांजणांना विरजण पुरायला नको का? तिनं मडकं खरवडून सगळंच्या सगळं त्या कढत दुधात घातलं.

सकाळी रांजणांवर पिवळं पाणी तरंगत होतं. खाली घाण वासाचा चोथा. गाव आलं, बघून गेलं. कुणी भांडलं नाही. भांडले असते तर बरं झालं असतं.

तिला वाटलं, दह्याचं काय, मडक्याच्या कडेला चिकटलेल्यावर उद्या पुन्हा लागेल. पण तेही लागलं नाही, आणि इकडे म्हातारीनं अंथरूण धरलं. पोटात काही ठरेना. पेज उलटली, दूध उलटलं. वैदूनं नाडी बघितली आणि म्हणाला, "ताक द्या. मीठ घालून, घोट घोट. दुसऱ्या कशानं ही तगायची नाही."

सुनेनं वाटी घेतली आणि पळत सुटली. पहिलं घर, मडकं कोरडं. दुसरं, कोरडं. शेजारणीनं आपलं घासून पालथं घातलेलं मडकं उचलून दाखवलं.

"वैनी, उन्हाळ्यात आले होते ना मी? तेव्हा दिलं असतंस, तर आज तुझी वाटी काठोकाठ भरली असती." तिच्या आवाजात राग नव्हता. ती नुसती रडत होती, कारण म्हातारी तिचीही होती.

सून नदीकाठानं तीन गावं चालली. प्रत्येक गावात एकच उत्तर. "आम्ही तुमच्याकडेच आलो होतो." परत येऊन तिनं दुधात चिंच पिळली, लिंबू पिळलं. दूध फाटलं. दही काही लागलं नाही.

तिसऱ्या दिवशी म्हातारी क्षीण आवाजात म्हणाली, "पोरी, आपलं नासलं असेल तर शेजारून आण. लाजू नको."

सुनेला राहवेना. तिनं सासूच्या पायांवर डोकं आपटलं. "आत्याबाई, कुणाकडेच नाही! मी कुणाला दिलंच नाही. आपलं विरजण आपल्याच घरात राहावं म्हणून ठेवलं मी."

म्हातारी म्हणाली, "आपलं? अगं वेडे, आपलं कुठलं? माझं विरजण पहिल्याच वर्षी मांजरानं सांडलं. शेजारणीच्या सासूनं वाटीभर दिलं. पुढं आणखी चारदा गेलं. चारदा गावातून मागून आणलं. तुझ्या हातात दिलं ते मडकं लोकांच्या घरात जगलेलं होतं. म्हणून तर म्हणत होते, देत राहा."

"हे आधी का नाही सांगितलंत हो?"

"रीत पाळली असतीस, तर सांगायची गरज नव्हती."

म्हातारीनं चाचपडत तिच्या डोक्यावर हात ठेवला. शिवी दिली नाही, शाप दिला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. ओठ कोरडेच होते.

त्यानंतर सून रोज संध्याकाळी न घासलेल्या मडक्यात कोमट दूध ओतून ठेवायची. सासूला एकदा लागलं, मग मला का नाही लागणार? रोज सकाळी दूध नासलेलं असायचं. एक वर्ष, पाच वर्षं, बारा वर्षं. गावातली लहान पोरं दही म्हणजे काय हे विसरून मोठी झाली. तिचे केस पिकले. कुणी तिला दहीवाली म्हणेना, आणि म्हातारीची सून म्हणायलाही कुणी धजेना.

तेराव्या वर्षी लांबच्या डोंगरातून मेंढरं घेऊन एक धनगरीण आली. पाणी मागायला दारात थांबली. तिच्या काखेत एक छोटं मडकं होतं. त्यात दही.

सुनेची नजर त्या मडक्यावर खिळली. ते बघून धनगरीण म्हणाली, "विरजण हवंय व्हय? घ्या की. माझ्या आजीला ह्याच गावातल्या एका गवळणीनं वाटसरू म्हणून दिलं होतं. परत धाडू नये म्हणतात." आणि न मागता तिनं पळीभर काढून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घट्ट दही लागलेलं होतं. सुनेनं पळी बुडवली आणि ती सवयीनं सासूच्या रिकाम्या कोपऱ्याकडे वळली. तिथं कुणी नव्हतं. तिनं तोंडात पदर कोंबला आणि ओक्साबोक्शी रडली. तेवढ्यात दारात शेजारीण उभी राहिली, हातात वाटी. सुनेनं ती काठोकाठ भरली. एक थेंबही सांडू दिला नाही. पण स्वतः तिनं मरेपर्यंत दही खाल्लं नाही. म्हणायची, "ज्या तोंडात जायला हवं होतं, त्या तोंडात ते गेलं नाही."

आजही दारात कुणी विरजण मागितलं तर जाणती बाई नाही म्हणत नाही. का, ते तिला ठाऊक नसतं. आता तुम्हाला ठाऊक झालं.

तात्पर्य: जे दिल्यानं जगतं, ते राखून ठेवलं की मरतं, आणि आपल्याच माणसाच्या वेळेला ते हाती लागत नाही.