विसाव्याच्या दगडाची कहाणी

ऐका विसावामाय, तुमची कहाणी. चार कुळांचं एक आटपाट नगर होतं. माणसं होती, नाग होते, यक्ष होते, राक्षस होते. जगताना बाजार एक, विहीर एक. मेल्यावर वाटा वेगळ्या. नाग वारुळात जाई, कात टाकून नवा होई. यक्ष वडात जाई, पालवी होई. राक्षस डोंगरात जाई, दगड होऊन निजे. नि माणूस? माणूस नदीपार जाई, मागचं सगळं विसरे. चारी वाटा वेशीबाहेर एका दगडापाशी फुटत. त्याला विसावा म्हणत. तिरडी तिथं घटकाभर टेकवायची, खांदे बदलायचे, पुढं जायचं.

त्या नगरात चिमा होती, माणसाची लेक. तिनं नागाशी लग्न केलं. त्याचं नाव अनंता. संसार गरिबीचा, पण गोडीचा. एके दिवशी अनंता गेला. त्याला वारुळाकडे नेलं. चिमेच्या मनात आलं, आपण मरू, नदीपार जाऊ, यांना विसरू. मग भेट कुठली?

मग ती वारुळापाशी गेली. “मला आत घ्या.” वारूळ म्हणालं, “तुला कात कुठं आहे?” मग वडापाशी गेली. “नदी नको, मला इथं राहू द्या.” वड म्हणाला, “तुला पालवी कुठली फुटायला?” मग डोंगरापाशी गेली. डोंगर म्हणाला, “तू रडतेस. दगड रडत नाहीत.” चिमा दमली. पाय सुजले. येऊन विसाव्यावर मटकन बसली.

तिथं एक म्हातारी आली. “बाई बाई, का रडतेस?” चिमेनं सांगितलं. “मग वसा देते तो घे. रोज हा दगड झाडावा. त्यावर तांब्याभर पाणी घालावं. तिरडी आली की खांदेकऱ्यांना पाणी द्यावं, टेका म्हणावं. कूळ विचारू नये.”

“यानं काय होईल, आजी?”

“ते नाही ठाऊक, बाई. मीही दमलेय.”

चिमेनं वसा घेतला. रोज झाडी, रोज पाणी घाली. केस पिकले, कंबर वाकली, झालं काहीच नाही. बायांनो, कंटाळा तुम्हाआम्हाला येतो, तसा तिलाही आला. एके दिवशी भर दुपारी राक्षसाची तिरडी आली. चिमा आडवी झाली होती. म्हणाली, “तुमचा डोंगर हा समोर. जा तसेच.” ते तसेच गेले. दगड झाडला नाही, पाणी घातलं नाही. मग तिच्या घशाला कोरड पडली. घागर संपत आली, तहान हटेना. तेव्हा ती समजली. उरलंसुरलं पाणी घेऊन लंगडत डोंगराकडे गेली. “चुकले, लेकरांनो.”

एक राक्षस म्हणाला, “आजी, पाण्याचं काय एवढं! टेका म्हणणारं कुणी नव्हतं, ते लागलं.”

चिमेनं पुन्हा वसा धरला, तो मरेपर्यंत टाकला नाही. मग ती गेली. चारी कुळांनी खांदा दिला. विसाव्यावर तिरडी टेकवली. चिमेनं डोळे उघडले. शेजारी अनंता बसला होता.

“अहो, तुम्ही वारुळात नाही गेलात?”

“नाही गेलो. कातीबरोबर तूही गळून पडली असतीस. माझी तिरडी इथं टेकली, तेव्हाच उतरलो.”

“इतकी वर्षं इथंच?”

“इथंच. तू पाणी घालायचीस, मी प्यायचो. एक दिवस तेवढा तहानेला राहिलो.”

चिमा रडली, मग हसली, मग तिरडीवरून उतरून त्याच्याशेजारी बसली. खांदेकऱ्यांनी तिरडी उचलली. ती हलकी लागली. खांदे बदलून ते नदीकडे चालू लागले.

चिमेला जसं दमल्या पायी टेकायला मिळालं, टेकल्यावर आपलं माणूस मिळालं, तसं तुम्हाआम्हाला मिळो. लांबच्या वाटेची कहाणी, तांब्याभर पाण्यात सुफळ संपूर्ण.