खरखर मोडलेला कागद

लहानथोरांनो, ही गोष्ट तुमच्या पणज्याचा पणजासुद्धा रांगत नव्हता तेव्हाची. नीट ऐका, मध्ये बोलू नका.

एक राजा होता. तापट. काम बिघडलं की तो ओरडत नसे, सरळ माणसाचा अंगठा तोडत असे. त्याच्या राज्यात कागद करणारे तिघेच. एकाच्या कागदाला भोक पडलं, अंगठा गेला. दुसऱ्याचा कागद पावसात भिजला, त्याचाही गेला. बिनअंगठ्याच्या हाताने ओला कागद उचलून दाखवा बघू! उरला एकच कागदी.

पुढे राजाची म्हातारी आई अंथरुणाला खिळली. राजाने कागद्याला बोलावलं.

"आईचं चित्र काढून घ्यायचंय, रंगाच्या कांड्यांनी. कुणी पाहिला नसेल असा कागद कर. पाच दिवस देतो."

बोलताना तो कागद्याच्या अंगठ्याकडे बघत होता.

कागदी घरी आला. त्याने लगदा डाळिंबाच्या सालीत रंगवला, कागदाला मधासारखा रंग आणला. तांदळाच्या खळीत तुरटी घालून दोन्ही बाजूंना हात दिला. सावलीत वाळवला. काठाला सोनेरी वर्ख लावला. मग फळीवर ठेवून अकीकाच्या दगडाने घोटला.

आता एक समजून घ्या. शाईचा कागद घोटून गुळगुळीत करतात. कांडीचा रंग कोरडा, त्याला धरायला कागदावर बारीक खरखर लागते, मांजराच्या जिभेसारखी. म्हणून या घराण्याची रीत होती. कागद गालाला लावायचा. पाहिजे तेवढीच खरखर राहिली की घोटायचा दगड फडक्यात बांधायचा. एकदा बांधला की त्या कागदासाठी पुन्हा सोडायचा नाही.

चौथ्या दिवशी दुपारी कागद्याने दगड बांधला. तेवढ्यात कोतवाल आला. कागदातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. त्याने बोट फिरवलं.

"हे काय रे? खरखरतंय."

"सरकार, कांडीला एवढी लागतेच."

"मला शिकवतोस? आईसाहेबांचा चेहरा असा खरखरीत येणार? सकाळी न्यायला येतो. तोवर अंगठा धुऊन ठेव." आणि हसत हसत गेला.

बायको म्हणाली, "अहो, कागद झालाय. हात लावू नका."

"तुझं काय जातंय? अंगठा माझा आहे."

"त्याच अंगठ्यावर माझंही पोट आहे. चित्र काय कोतवाल काढणार? चितारणीला विचारून येऊ."

"आणि तोवर कोतवालाने राजाचे कान भरले तर?"

कागद्याने दगडाची गाठ सोडायला घेतली, ती सुटेना. शेवटी दातांनी सोडली. दिवस मावळेपर्यंत घोटत बसला. कागद माशाच्या पोटासारखा चकाकायला लागला. त्याने तो गालाला लावलाच नाही. काय लागणार ते त्याला ठाऊक होतं.

सकाळी कोतवाल खूश. कागद घेऊन निघाला, कागदी आणि त्याची बायको मागोमाग. महालात आईला उशांना टेकवून बसवलं होतं. चितारणीने गालाची रेघ ओढली. रंग बसेना. भुकटी होऊन खाली सतरंजीवर पडला. तिने जोर लावला, तर नुसता तुकतुकीत ओरखडा उठला.

"महाराज, याची खरखर मोडलीय. रंग धरत नाही. महालातला बाकीचा कागद शाईचा, तोही असाच."

राजा कागद्याकडे वळला. "तुला ठाऊक नव्हतं?"

कोतवाल छताकडे बघायला लागला.

"ठाऊक होतं, महाराज. काल दुपारी कागद बरोबर होता. मग मी भ्यालो. कागदाकडे बघायचं सोडून अंगठ्याकडे बघत बसलो."

राजाचा हात तलवारीकडे गेला. तेव्हा दारातून कागद्याची बायको बोलली.

"तोडा, महाराज. पण दुसरा कागद कोण करणार? बाकी दोघांचे तुम्हीच तोडलेत."

तेवढ्यात म्हातारी खोकली. "काय ते लवकर करा रे. मला घाई आहे."

राजाचा हात खाली आला. "किती दिवस लागतील?"

"पाच. वाळायला वेळ लागतोच, महाराज."

म्हातारी तीन दिवस जगली.

कागद पाचव्या दिवशी आला. खरखर जशी हवी तशी, या वेळी दगड बांधलेलाच राहिला होता. चितारणीने आठवून आठवून चेहरा काढला, वरून डिंकाचं पाणी शिंपडून रंग पक्का केला. राजाने बराच वेळ बघितलं. "ही ती नाही," म्हणाला. तिने दुसरं काढलं. "ही पण नाही." अशी किती चित्रं झाली, कुणी मोजली नाहीत. राजा मरेपर्यंत तेच म्हणत राहिला.

कागद्याचा अंगठा शाबूत राहिला. पण पुढे जन्मभर दगड बांधताना तो दोन गाठी मारी.

लक्षात ठेवा: भीतीपोटी केलेलं काम दिसायला चकचकीत असतं, पण ऐन वेळी त्यावर काहीच टिकत नाही.