हात जोडून सोडलेली पिशवी

नदीचा तळ काठावरून दिसायचा, त्या दिवसांनंतर थोड्याच वर्षांनी घडलेली ही गोष्ट.

नलूकाकूंच्या ओट्याखाली प्लास्टिकच्या दोन जुळ्या पिशव्या राहत. एके सकाळी काकूंनी एकीत आंबलेली आमटी नि कांद्याची सालं भरली, नाक धरलं आणि तिला लांबूनच नाल्यात भिरकावलं. दुसरीत देवावरून उतरवलेली फुलं भरली. तिला मात्र मांडीवर घेऊन रिक्षाने पुलापर्यंत नेलं, हात जोडले आणि नदीत सोडलं.

पिशवी हरखून गेली. आपण तीर्थालाच निघालो, असं तिला वाटलं. पण बंधाऱ्यापाशी ती अडकली. बघते तर काय, नाल्यातून वाहत आलेली बहीण तिथे आधीच अडकलेली!

"तू इथे कशी गं?" पिशवी गोंधळली. "तुला तर टाकलं होतं. मला सोडलंय."

"मग आपण दोघी एकाच जागी कशा?" बहिणीने विचारलं.

तेवढ्यात एक म्हातारं कासव वर आलं.

"कासवआजोबा, मला हात जोडून सोडलंय हो. मग मी निर्माल्य की कचरा?"

कासव पोहत दोघींच्या जवळ आलं.

"काल माझं नातवंड एका पिशवीत गुदमरून गेलं, पोरी. तिला सोडताना हात जोडले होते की नाक धरलं होतं, ते मी कुणाला विचारू?"

पुलावर पुन्हा एक रिक्षा थांबली. कुणीतरी कठड्याशी येऊन भक्तिभावाने डोळे मिटले.

कासवाने मान आत ओढून घेतली.